यूजनेट संदेशांचे शेल स्क्रिप्टद्वारे वाचन

यूजनेट संदेशांचे शेल स्क्रिप्टद्वारे वाचन म्हणजे यूजनेट या विकेंद्रित चर्चाजालावरील संदेश खास वाचक-सॉफ्टवेअर न वापरता, युनिक्स किंवा लिनक्स संगणकावरील शेल आणि त्यासोबत येणाऱ्या लहान आज्ञावलींच्या साहाय्याने मिळवणे, निवडणे व वाचणे होय. यूजनेटवरील प्रत्येक संदेश साध्या मजकुराच्या ओळींचा बनलेला असतो. सर्व्हरशी होणारा संवादही माणसाला वाचता येतील अशा ओळींतून चालतो. त्यामुळे ग्रेप, सेड, ऑक यांसारखी मजकुरावर काम करणारी साधने या कामास पुरेशी ठरतात. यूजनेटच्या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती हीदेखील शेल स्क्रिप्टच होती. नेटवर्क प्रोटोकॉलचे कार्य समजून घेण्यासाठी, तसेच मूळ वाचक-सॉफ्टवेअर उपलब्ध नसतानाही जुने संदेशसंग्रह वाचण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

यूजनेटची कल्पना १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी मांडली. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर यूयूसीपी ही सुविधा मिळत असे. तिच्या साहाय्याने दोन संगणक साध्या दूरध्वनी वाहिनीवरून एकमेकांना फाइली पाठवू शकत. याच सुविधेवर आधारित, अनेक संगणकांना सामायिक असा सूचनाफलक उभारता येईल, अशी ही कल्पना होती. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी या कल्पनेचा पहिला नमुना बोर्न शेलमध्ये लिहिला. ती स्क्रिप्ट सुमारे १५० ओळींची होती. ती दैनंदिन वापरासाठी नव्हती. संदेशाची रचना आणि संदेश एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याची रीत झटपट बदलून पाहता यावी, हा तिचा हेतू होता. शेलमधील मजकूर बदलला की तो लगेच चालवून पाहता येई. सी भाषेतील कार्यक्रम मात्र प्रत्येक बदलानंतर नव्याने संकलित करावा लागे. रचना निश्चित झाल्यावर हे सॉफ्टवेअर सी भाषेत लिहिले गेले व १९८० मध्ये ‘ए न्यूज’ या नावाने वितरित झाले.

पुढे १९८१ मध्ये बर्कले येथे ‘बी न्यूज’ आणि १९८७ मध्ये टोरोंटो विद्यापीठात जेफ कोलियर व हेन्री स्पेन्सर यांची ‘सी न्यूज’ ही प्रणाली तयार झाली. सी न्यूजमध्ये जेथे वेगाची गरज होती ते भाग सी भाषेत आणि उरलेल्यांपैकी बरेचसे भाग शेल स्क्रिप्टांत होते. म्हणजेच शेल हे केवळ नमुना तयार करण्याचे साधन न राहता प्रत्यक्ष कार्यरत यंत्रणेचाही भाग बनले.

संदेशाची रचना

ए न्यूजमधील संदेशात माहितीचा अर्थ तिच्या स्थानावरून ठरत असे. पहिल्या ओळीत ‘ए’ हे अक्षर व त्याला जोडून संदेशाचा क्रमांक असे. त्याखालील चार ओळींत अनुक्रमे न्यूजग्रुप, संदेश ज्या संगणकांतून आला तो मार्ग, दिनांक आणि शीर्षक येत. बी न्यूजच्या काळात ही पद्धत बदलली आणि ईमेलप्रमाणे प्रत्येक ओळीच्या आरंभी तिचे नाव, त्यानंतर अपूर्णविराम व मग माहिती अशी रचना रूढ झाली. ती १९८३ च्या आरएफसी ८५० आणि १९८७ च्या आरएफसी १०३६ या दस्तऐवजांत नोंदवली गेली. २००९ च्या आरएफसी ५५३६ मध्ये तिची सुधारित व्याख्या आहे.

संदेशाचे दोन भाग असतात: शीर्षभाग आणि मुख्य मजकूर. या दोहोंमध्ये एक रिकामी ओळ असते. फ्रॉम (लेखक), डेट (दिनांक), न्यूजग्रुप्स (गट), सब्जेक्ट (विषय), मेसेज-आयडी (संदेशाची ओळख) आणि पाथ (मार्ग) या सहा नोंदी शीर्षभागात अनिवार्य आहेत. उत्तरादाखल लिहिलेल्या संदेशात रेफरन्सेस ही नोंद असते. तिच्यात आधीच्या संदेशांच्या ओळखी क्रमाने दिलेल्या असतात. शीर्षभागातील नोंद लांब असल्यास ती पुढील ओळीवर चालू राहते. अशा पुढील ओळीच्या आरंभी मोकळी जागा किंवा टॅब असतो.

सर्व्हरवर संदेश साठवण्याची पारंपरिक पद्धतही शेलला सोयीची होती. न्यूजग्रुपच्या नावातील प्रत्येक बिंदूच्या जागी एक डिरेक्टरी आणि प्रत्येक संदेशासाठी एक फाइल, अशी ती रचना होती. उदाहरणार्थ, कॉम्प.लँग.सी या गटातील संदेश ‘कॉम्प’ या डिरेक्टरीतील ‘लँग’ व तिच्यातील ‘सी’ या डिरेक्टरीत १, २, ३ अशा क्रमांकांच्या फाइलींत असत. ज्या संगणकावर हा साठा असे, तेथे फाइलींची यादी पाहणे म्हणजेच गट उघडणे आणि फाइल पडद्यावर आणणे म्हणजेच संदेश वाचणे होते. वाचलेल्या क्रमांकांची नोंद वाचकाच्या स्वतःच्या डिरेक्टरीतील ‘.न्यूजआरसी’ या फाइलीत राहत असे. तीही साध्या मजकुराचीच असून तिच्यात प्रत्येक गटासाठी एक ओळ असे. गटाच्या नावापुढे अपूर्णविराम असल्यास गट वाचनात आहे आणि उद्गारचिन्ह असल्यास तो सोडलेला आहे, असा अर्थ होई.

एनएनटीपी संवाद

साठा दुसऱ्या संगणकावर असल्यास संदेश मागवण्यासाठी एनएनटीपी हा प्रोटोकॉल वापरला जातो. ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी लिहिलेला आरएफसी ९७७ हा त्याचा मूळ दस्तऐवज फेब्रुवारी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. २००६ च्या आरएफसी ३९७७ ने त्याची जागा घेतली. साध्या जोडणीसाठी ११९ आणि कूटबद्ध जोडणीसाठी ५६३ हे पोर्ट ठरलेले आहेत.

या प्रोटोकॉलमध्ये वाचक एका ओळीची आज्ञा पाठवतो आणि सर्व्हर तीन अंकी सांकेतिक क्रमांकाने सुरू होणारी ओळ परत पाठवतो. वाचनासाठी पुढील आज्ञा पुरेशा होतात:

• ग्रूप: गट निवडणे. यशस्वी झाल्यास २११ हा क्रमांक, संदेशांची अंदाजे संख्या, सर्वांत लहान व सर्वांत मोठा संदेश क्रमांक आणि गटाचे नाव मिळते. गट नसल्यास ४११ मिळतो.
• ओव्हर (जुने नाव एक्सओव्हर): संदेशांची सारणी मागवणे. उत्तर २२४.
• हेड: केवळ शीर्षभाग मागवणे. उत्तर २२१.
• बॉडी: केवळ मुख्य मजकूर मागवणे. उत्तर २२२.
• आर्टिकल: संपूर्ण संदेश मागवणे. उत्तर २२०. त्या क्रमांकाचा संदेश नसल्यास ४२३.
• क्विट: जोडणी संपवणे. उत्तर २०५.

जोडणी होताच सर्व्हर आपणहून २०० किंवा २०१ हा क्रमांक पाठवतो. पहिल्याचा अर्थ संदेश लिहिण्याची मुभा आहे असा, तर दुसऱ्याचा अर्थ केवळ वाचता येईल असा होतो. ४८० हा क्रमांक आल्यास आधी नाव व परवलीचा शब्द देणे आवश्यक असते. पहिल्या अंकावरून उत्तराचा प्रकार कळतो: २ ने आरंभ झाल्यास काम झाले, ३ ने झाल्यास पुढील माहिती हवी आहे, ४ ने झाल्यास काम होऊ शकले नाही आणि ५ ने झाल्यास आज्ञाच समजली नाही किंवा तिला परवानगी नाही. स्क्रिप्टला निर्णय घेण्यासाठी बहुतेक वेळा हा एकच अंक पुरतो.

अनेक ओळींच्या उत्तराचा शेवट केवळ एक बिंदू असलेल्या ओळीने होतो. संदेशातीलच एखादी ओळ बिंदूने सुरू होत असेल, तर तिला शेवट समजले जाऊ नये म्हणून सर्व्हर तिच्या आरंभी आणखी एक बिंदू जोडतो. वाचणाऱ्याने तो जादा बिंदू काढून टाकायचा असतो.

स्क्रिप्टची घडण

शेलमधून जोडणी उघडण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग नेटकॅट या आज्ञावलीचा आहे. ती आपल्याकडे आलेला मजकूर नेटवर्कवर पाठवते व तिकडून आलेला मजकूर पुढे देते. दुसरा मार्ग बॅश या शेलच्या अंगभूत सोयीचा आहे. ‘/डेव्ह/टीसीपी’ या मार्गापुढे सर्व्हरचे नाव व पोर्ट लिहून फाइल उघडल्यास बॅश प्रत्यक्षात नेटवर्क जोडणी उघडतो. या नावाची फाइल डिस्कवर असावी लागत नाही. तो केवळ बॅशचा संकेत असल्याने साध्या बोर्न शेलमध्ये ही युक्ती चालत नाही. तिसरा मार्ग कूटबद्ध जोडणीसाठी असून त्यात ओपनएसएसएल संचातील ‘एस-क्लायंट’ ही आज्ञा वापरतात.

वाचनाच्या स्क्रिप्टची कामे सामान्यतः पुढील क्रमाने होतात:

१. जोडणी उघडून स्वागताची ओळ वाचणे व तिचा पहिला अंक तपासणे.
२. ग्रूप आज्ञा पाठवून सर्वांत मोठा संदेश क्रमांक मिळवणे.
३. मागील वेळी वाचलेला शेवटचा क्रमांक फाइलीतून वाचून केवळ त्यापुढील संदेशांची सारणी ओव्हर आज्ञेने मागवणे.
४. सारणी ऑकद्वारे छाटणे. सारणीतील प्रत्येक ओळ एका संदेशाची असून तिच्यातील रकाने टॅबने वेगळे केलेले असतात: क्रमांक, विषय, लेखक, दिनांक, संदेशाची ओळख, रेफरन्सेस, बाइटसंख्या आणि ओळींची संख्या. दुसऱ्या रकान्यात हवा तो शब्द असलेल्या ओळींचा पहिला रकाना छापला, की वाचायच्या संदेशांची यादी तयार होते.
५. यादीतील प्रत्येक क्रमांकासाठी आर्टिकल आज्ञा पाठवून मिळालेला संदेश स्वतंत्र फाइलीत ठेवणे.
६. सर्व संदेश सुरक्षित लिहून झाल्यावरच नवा शेवटचा क्रमांक नोंदवणे.

शेवटच्या दोन पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. क्रमांक आधी नोंदवला आणि जोडणी मध्येच तुटली, तर न आलेले संदेश वाचल्याप्रमाणे गणले जातात आणि पुढील वेळी ते मागवले जात नाहीत. उलट क्रमात फार तर काही संदेश दुसऱ्यांदा येतात.

संदेश क्रमांक केवळ त्या सर्व्हरपुरता खरा असतो. एकच संदेश दोन सर्व्हरांवर दोन वेगळ्या क्रमांकांनी असू शकतो. जगभर एकच राहते ती मेसेज-आयडी. म्हणून सर्व्हर बदलल्यास क्रमांकांची जुनी नोंद निरुपयोगी होते, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या संग्रहासाठी मेसेज-आयडीची यादी ठेवणे श्रेयस्कर ठरते. रेफरन्सेसमधील शेवटची ओळख हा सामान्यतः ज्या संदेशाला उत्तर दिले आहे तो संदेश असतो. ऑकमधील नामांकित सूचीत ही नोंद साठवून चर्चेचा वृक्ष पुन्हा जुळवता येतो.

नेहमीच्या चुका

एनएनटीपीमधील प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी दोन अदृश्य चिन्हे असतात. युनिक्समध्ये ओळ केवळ दुसऱ्या चिन्हाने संपते. त्यामुळे पडद्यावर रिकामी दिसणारी ओळ स्क्रिप्टच्या दृष्टीने रिकामी नसते आणि शीर्षभाग कोठे संपला हे तिला कळत नाही. केवळ बिंदू असलेली ओळही याच कारणाने ओळखली जात नाही, आणि मग स्क्रिप्ट पुढच्या ओळीची वाट पाहत थांबून राहते. यावर उपाय म्हणजे सर्वप्रथम कॅरेज रिटर्न काढणे, त्यानंतर शेवटचा बिंदू ओळखणे आणि सर्वांत शेवटी ओळीच्या आरंभीचा जादा बिंदू काढणे. हा क्रम बदलल्यास दोन बिंदूंची खरी ओळ संदेशाचा शेवट समजली जाऊन उरलेला मजकूर गळतो.

शेलची ‘रीड’ आज्ञा सामान्य स्थितीत ओळीच्या आरंभीची मोकळी जागा गाळते आणि उलट तिरकी रेघ हे विशेष चिन्ह मानते. परिणामी शीर्षभागातील पुढे चालू राहिलेल्या ओळी ओळखता येत नाहीत आणि संदेशातील संगणकीय कोडची मांडणी बिघडते. म्हणून विभाजक चिन्हांची यादी रिकामी ठेवून आणि ‘आर’ हा पर्याय देऊन ही आज्ञा वापरतात.

नेटकॅटला सर्व आज्ञा एकदम दिल्यास आणखी एक अडचण येऊ शकते. काही आवृत्त्या त्यांच्याकडे येणारा मजकूर संपताच, सर्व्हरचे उत्तर पूर्ण येण्यापूर्वी, जोडणी बंद करतात. क्विट ही शेवटची आज्ञा देऊन सर्व्हरनेच जोडणी बंद करेपर्यंत थांबणे, हा यावरील योग्य उपाय आहे. ‘एस-क्लायंट’ वापरताना मात्र हीच आज्ञा अडथळा ठरते. त्याच्या संवादी अवस्थेत मोठ्या लिपीतील ‘क्यू’ या रोमन अक्षराने सुरू होणारी ओळ सर्व्हरकडे न जाता जोडणी तोडण्याचा स्थानिक आदेश मानली जाते. एनएनटीपीच्या आज्ञांत लहान व मोठ्या रोमन अक्षरांचा भेद नसल्याने, आज्ञा लहान अक्षरांत लिहिली की ही अडचण दूर होते.

मराठी व अन्य भाषांतील संदेश

यूजनेटची घडण सात बिटांच्या आस्की संकेतनावर झाली. त्यात देवनागरीला स्थान नव्हते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. यूजनेटवर सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा मराठी भाषकांसाठीचा गट होता, आणि तेथे मराठी मजकूर रोमन लिपीतून लिहिला जाई. देवनागरी रोमन अक्षरांत नेमकेपणाने उतरवण्यासाठी अविनाश चोपडे यांची आयट्रान्स ही पद्धत उपलब्ध होती.

अशा मजकुराच्या शोधात ग्रेपचा नेहमीचा वापर दिशाभूल करू शकतो. आयट्रान्समध्ये लहान ‘टी’ म्हणजे त आणि मोठा ‘टी’ म्हणजे ट. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न पाळण्याचा पर्याय दिल्यास ‘ताक’ आणि ‘टाक’ हे शब्द एकच ठरतात. भेद पाळल्यास, ज्यांनी कोणतीही ठरावीक पद्धत न वापरता सवयीने रोमन अक्षरे लिहिली त्यांचे संदेश निसटतात. त्यामुळे एकाच शब्दाची अनेक संभाव्य रूपे देऊन शोध घ्यावा लागतो.

नंतरच्या काळात यूटीएफ-८ संकेतनामुळे देवनागरी संदेश थेट लिहिता येऊ लागले. तथापि अनेक सॉफ्टवेअर असा मजकूर बेस-६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल या आवरणात पाठवतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. कोटेड-प्रिंटेबलमध्ये प्रत्येक बाइटसाठी तीन अक्षरे लागत असल्याने एका चिन्हाची ९ अक्षरे होतात. बेस-६४ मध्ये दर ३ बाइटांची ४ अक्षरे होतात. दोन्ही प्रकारांत मूळ शब्द जसाच्या तसा संदेशात दिसत नाही. म्हणून ग्रेपने शोधण्यापूर्वी संदेश उलगडणे अपरिहार्य असते. शीर्षभागातील विषय व लेखकाचे नाव यांचे आवरण वेगळ्या प्रकारचे असून त्यांचा उलगडा स्वतंत्रपणे करावा लागतो.

सुरक्षितता व संकेत

संदेशातील मजकूर अपरिचितांनी लिहिलेला असतो. त्यात टर्मिनलचे वर्तन बदलणारी नियंत्रक चिन्हे असू शकतात. म्हणून पडद्यावर दाखवण्यापूर्वी ती गाळली जातात. संदेशातील कोणताही भाग शेलला आज्ञा म्हणून चालवायला देणे धोकादायक असते. मेसेज-आयडीमध्ये तिरकी रेघ येऊ शकत असल्याने तिचा फाइलीचे नाव म्हणून थेट वापर टाळतात. परवलीचा शब्द आज्ञेच्या ओळीत लिहिल्यास तो त्या संगणकाच्या इतर वापरकर्त्यांना चालू कार्यक्रमांच्या यादीत दिसू शकतो. म्हणून तो मर्यादित परवानगी असलेल्या फाइलीत ठेवला जातो. ११९ या पोर्टवरील साध्या जोडणीत सर्व मजकूर उघडा जात असल्याने परवलीचा शब्द पाठवायचा असल्यास ५६३ हा पोर्ट वापरणे योग्य ठरते.

स्क्रिप्ट माणसापेक्षा कितीतरी वेगाने आज्ञा पाठवू शकते. त्यामुळे संपूर्ण संदेशांऐवजी आधी सारणी मागवणे, एका वेळी एकच जोडणी ठेवणे आणि एकदा मिळालेला संदेश पुन्हा न मागवणे हे सौजन्याचे संकेत मानले जातात.

जुने संदेशसंग्रह

या पद्धतीचे महत्त्व जुन्या संग्रहांच्या संदर्भात विशेष जाणवते. टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील संगणकावर हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातील संदेश १४१ चुंबकीय फितींवर जतन केले होते. त्यांत २० लाखांहून अधिक संदेश होते. डेजान्यूज या कंपनीने १९९५ मध्ये यूजनेटचा शोधण्याजोगा संग्रह सुरू केला. तो गूगलने २००१ मध्ये विकत घेतला, आणि त्याच वर्षी स्पेन्सर यांचे संदेशही त्यात समाविष्ट झाले. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने यूजनेटवर लिहिण्याची आणि नवे संदेश पाहण्याची सोय बंद केली. त्यापूर्वीचे संदेश मात्र तेथे पाहता येतात. यूजनेट कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नसल्याने स्वतंत्र सर्व्हरांवरील देवाणघेवाण चालूच राहिली.

खासगी किंवा सार्वजनिक संग्रह अनेकदा एमबॉक्स या स्वरूपात मिळतात. त्यात सर्व संदेश एकाच फाइलीत एकापुढे एक असतात आणि ‘फ्रॉम’ हा रोमन शब्द व त्यापुढील मोकळी जागा यांनी आरंभ होणारी ओळ नव्या संदेशाची खूण असते. ही खूण पाहून ऑक फाइलीचे संदेशनिहाय तुकडे करू शकते. त्यानंतर लेखक, विषय वा दिनांक यांनुसार निवड करण्यास सॉर्ट आणि ग्रेप पुरतात. चाळीस वर्षांपूर्वीचा संदेश अशा रीतीने वाचताना ज्या सॉफ्टवेअरने तो लिहिला गेला त्याची गरज पडत नाही. संदेशाच्या रचनेचे नियम सार्वजनिक आहेत आणि मजकूर साधा आहे, एवढ्यावर तो वाचनीय राहतो.

मर्यादा

शेल स्क्रिप्ट लाखो संदेशांच्या संग्रहावर संथ चालते, कारण प्रत्येक संदेशासाठी ती अनेकदा स्वतंत्र आज्ञावली सुरू करते. जोडलेल्या फाइली, अनेक भागांत विभागलेले संदेश आणि विविध संकेतने हाताळताना स्क्रिप्ट गुंतागुंतीची होत जाते. अशा वेळी पर्ल किंवा पायथनसारख्या भाषा अथवा टिनसारखे पूर्ण विकसित न्यूजरीडर अधिक सोयीचे ठरतात. थोडे गट नियमित वाचणे, विशिष्ट विषयाच्या संदेशांवर लक्ष ठेवणे, संग्रहातून निवडक संदेश काढणे आणि प्रोटोकॉलचा अभ्यास करणे या कामांसाठी मात्र शेल स्क्रिप्ट पुरेशी असते.